बाळाच्या मेंदूसाठी बदामापेक्षा जवस आणि बांगडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गरोदर बाईने काय खावे यावर आरोग्य पुरवण्यांत वर्षभर काही ना काही छापून येत असते. त्यात भिजवलेले बदाम आणि सातव्या महिन्यानंतरचे साजूक तूप हे दोन पदार्थ चुकत नाहीत. दोहोंना ‘बाळाच्या मेंदूसाठी’ अशी शिफारसही चिकटलेली असते. बदामात प्रथिने आहेत, ई जीवनसत्त्व आहे. तुपातून भरपूर ऊर्जा मिळते. दोन्ही खुशाल खावेत. पण मेंदूच्या पेशींना जी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) आहारातूनच मिळावी लागतात, त्यांपैकी ओमेगा-३ बदामात जवळजवळ शून्य आणि तुपात नाममात्र असते. आपल्या शाकाहारी ताटातली ही मोठी उणीव आहे. ती भरून काढायला फार पैसे लागत नाहीत, आणि नुसती डीएचएची, म्हणजे मेंदूला लागणाऱ्या एका ओमेगा-३ मेदाम्लाची, गोळी गिळून ती पुरती भरतही नाही. हे सगळे एका जागी सांगणारा मजकूर क्वचितच दिसतो, म्हणून पत्र लांबले आहे.

शरीर बहुतेक मेदाम्ले स्वतः तयार करते. लिनोलेइक (ओमेगा-६) आणि अल्फा-लिनोलेनिक (ओमेगा-३) ही दोन मात्र त्याला बनवता येत नाहीत. चरबी म्हणजे केवळ साठवलेली ऊर्जा, असा समज १९२९ पर्यंत होता. त्या वर्षी अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदविरहित आहार दिला, तेव्हा ते आजारी पडले आणि काही मेद अत्यावश्यक असतात हे कळले. अल्फा-लिनोलेनिकपासून शरीर टप्प्याटप्प्याने डीएचए बनवते. मेंदूच्या पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात तिथल्या पडद्यांत आणि डोळ्याच्या दृष्टिपटलात हे डीएचए ठासून भरलेले असते. ओमेगा-६ च्या बाजूने तयार होणारे ॲराकिडोनिक आम्लही मेंदूला लागते, पण ओमेगा-६ चा आपल्याकडे तुटवडा नाही.

पाणी वजा केले तर मेंदूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. यावरून ‘म्हणून गरोदरपणी तूप हवेच’ असा निष्कर्ष काढला जातो तो चुकीचा आहे. त्यातला मोठा भाग मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनाचा असतो. त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल आणि इतर बहुतेक मेद बाळाचे शरीर स्वतः तयार करते. बाहेरून यावे लागते ते डीएचए किंवा त्याचा कच्चा माल.

गर्भ हे डीएचए सर्वांत वेगाने साठवतो ते शेवटच्या तीन महिन्यांत, दिवसाला साधारण ५० ते ७० मिलिग्रॅम. वार (प्लासेंटा) आईच्या रक्तातून ते निवडून पुढे पाठवते, त्यामुळे नाळेतल्या रक्तात त्याचा वाटा आईच्या रक्तापेक्षा जास्त असतो. जन्मानंतर हेच काम आईचे दूध करते. दुधातील एकूण स्निग्धांश आईच्या जेवणाने फारसा बदलत नाही. त्यातले डीएचए मात्र थेट बदलते. जगभरच्या नमुन्यांची सरासरी काढली तर दुधातील मेदाम्लांपैकी सुमारे ०.३२ टक्के डीएचए असते. जपानसारख्या मासेखाऊ देशात ते एक टक्क्याच्या आसपास जाते आणि मासे न खाणाऱ्या समाजांत सरासरीच्या बरेच खाली राहते. बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत मेंदूतली ही भर चालू असते. त्यामुळे बाळंतपण झाले की आहाराचा विषय संपला असे होत नाही.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. अल्फा-लिनोलेनिक आणि लिनोलेइक या दोहोंवर शरीरात एकच विकर (एन्झाइम) काम करते. एकाच गिरणीत दोन दळणे आल्यासारखे हे आहे: ज्याचे पोते मोठे, त्याचेच दळण चालू राहते. आपल्या तेलांमध्ये हे पोते ओमेगा-६ चे असते. साध्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक ५५ ते ६५ टक्के, मराठवाडा-सोलापूरकडच्या करडई तेलात ७० टक्क्यांच्याही वर, आणि दोहोंत ओमेगा-३ जवळजवळ नाही. शेंगदाणा तेलात लिनोलेइक पाव ते एक तृतीयांश असते, पण ओमेगा-३ त्यातही नाही. सोयाबीन तेलात ६ ते ७ टक्के आणि मोहरीच्या तेलात साधारण १० टक्के अल्फा-लिनोलेनिक मिळते. तेल घाण्याचे आहे की कारखान्यातले, याने मेदाम्लांचे प्रमाण बदलत नाही. लाकडी घाण्याच्या करडई तेलाचे कौतुक करताना ही गोष्ट विसरली जाते.

हिशेब सोपा आहे. गरोदर बाईच्या पोटात दिवसाला २५ ग्रॅम तेल जाते असे धरू. ते सगळे सूर्यफुलाचे असेल तर १५ ग्रॅमच्या आसपास लिनोलेइक मिळते आणि ओमेगा-३ नाहीच. तेच निम्मे सोयाबीन, निम्मे शेंगदाणा केले तर लिनोलेइक १० ग्रॅमवर येते आणि ओमेगा-३ सुमारे ०.८ ग्रॅम मिळते. त्यावर एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, कुटलेले जवस घेतले तर आणखी साधारण दीड ग्रॅम ओमेगा-३ पडते. तेल आणि जवस मिळून दोहोंचे प्रमाण पाचास एकच्या आत येते. धान्य-डाळींतल्या लिनोलेइकने ते पुन्हा थोडे वर जाते, पण तरी ठीक. तेल वाढवायचे नाही, फक्त बदलायचे.

जवसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी रोजच्या जेवणात असूनही तिची किंमत कोणी ओळखत नाही. सोयाबीन आल्यानंतर विदर्भातले जवसाचे क्षेत्र आटले आणि चटणीही मागे पडली. जवस अख्खे खाल्ले तर बहुतांश तसेच बाहेर पडतात. त्यांची साल आतड्यात फुटत नाही. कच्चे फार खाऊ नयेत, कारण त्यांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. भाजल्यावर ती कमी होतात. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत, करपू देऊ नयेत. गार झाल्यावर लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून कुटावेत. कुटलेल्या जवसाला हवा आणि ऊन लागले की त्यातले ओमेगा-३ खवट होते, म्हणून चटणी एका वेळी आठवडाभराचीच करावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवावी. कडवट किंवा रंगासारखा वास आला तर टाकून द्यावी. जवसाच्या तेलात तळण किंवा फोडणी करू नये. ते वरून घ्यायचे तेल आहे. रंगाच्या दुकानात मिळणारे अळशीचे तेल खाण्याचे नव्हे, त्यात सुकवणारी धातुद्रव्ये मिसळलेली असतात.

गरोदरपणी दिवसाला एक मोठा चमचा पुरे. जवसात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी वागणारी लिग्नान नावाची द्रव्ये असतात, त्यामुळे मुठीने खाण्याचे कारण नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बाईने ती आणि जवस यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण जवसाचा बुळबुळीत चोथा औषधाचे शोषण अडवू शकतो. कारळ्याची चटणी दिसायला जवसाच्या चटणीजवळची आणि चवीला उत्तम, पण कारळ्यात मुख्यतः लिनोलेइकच असते. तिळाचेही तेच. अक्रोडात ओमेगा-३ चांगले आहे. परदेशी चियाही चालतो, मात्र जवसापुढे त्याचे काही अधिक नाही. बाळंतिणीला दिले जाणारे हळिवाचे लाडू या बाबतीत खरोखर शहाणपणाचे आहेत, कारण हळिवाच्या तेलात सुमारे एक तृतीयांश अल्फा-लिनोलेनिक असते. परंपरेने ते बाळंतपणानंतर देतात, गरोदरपणी टाळतात. तोच क्रम ठेवावा.

मात्र जवस म्हणजे डीएचए नव्हे. अल्फा-लिनोलेनिकच्या शंभर भागांतून पुरुषांत एक भागही डीएचएपर्यंत पोहोचत नाही. तरुण स्त्रियांत इस्ट्रोजेनमुळे जास्त पोहोचतो, तरी तो आकडा दहाच्या आतच राहतो. अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१० साली गरोदर आणि स्तनदा स्त्रियांसाठी दिवसाला ईपीए (माशांत मिळणारे दुसरे ओमेगा-३) व डीएचए मिळून किमान ३०० मिलिग्रॅम, त्यात डीएचए किमान २०० मिलिग्रॅम, अशी शिफारस केली. जवस, तेलबदल आणि दूध एवढ्यावर ते गाठणे अवघड आहे.

मासे खाणाऱ्या घरात हा प्रश्न सोपा असायला हवा, पण नेमके तिथेच मासे ‘उष्ण’ म्हणून बंद केले जातात. बांगडा, तारली, पेडवे हे स्वस्त, लहान, तेलकट मासे या कामाला पापलेटपेक्षा सरस आहेत. आठवड्यात दोनदा, दर वेळी १०० ते १५० ग्रॅम खाण्याजोगा भाग, एवढे पुरते. कालवण, तिखले किंवा केळीच्या पानात भाजणे उत्तम. खोल तेलात तळले की माशातले काही मेद तेलात उतरते आणि तेलातले लिनोलेइक माशात शिरते. साल आणि पोटाकडचा भाग काढून टाकू नये, मेद तिथेच जास्त असते. मुशी, मोठी सुरमई, मोठा कुपा हे मासे दीर्घायुषी आणि इतर माशांवर जगणारे, त्यामुळे त्यांच्यात पारा साचतो; गरोदरपणी ते टाळावेत. पारा वारेतून पलीकडे जातो आणि बाळाच्या मेंदूलाच त्याची झळ बसते. सुकट आणि सुक्या बोंबलांत प्रथिने आहेत, पण उन्हात वाळताना ओमेगा-३ चा मोठा भाग खराब होतो, शिवाय मीठ जास्त. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात अंडी वाढवावीत आणि गोड्या पाण्यातला रोहू-कटला घ्यावा. साध्या अंड्याच्या बलकात डीएचए थोडे, २० ते ५० मिलिग्रॅम, पण त्याबरोबर मिळणारे कोलिन हे जीवनसत्त्वासारखे पोषकद्रव्य अधिक मोलाचे आहे. त्याचे कारण पुढे येतेच.

शाकाहारी बाईला शेवाळापासून काढलेल्या डीएचएची कॅप्सूल घेता येते. मासेही डीएचए स्वतः फारसे बनवत नाहीत, तेही शेवाळाच्या साखळीतूनच मिळवतात. विकत घेताना बाटलीवरचा मोठा आकडा पाहू नये. ‘१००० मिलिग्रॅम’ हे बहुधा माशाच्या तेलाचे वजन असते आणि त्यात ईपीए १८० व डीएचए १२० मिलिग्रॅम एवढेच असते. मागच्या बाजूला ‘डीएचए’ या शब्दापुढचा आकडा वाचावा. कॉड माशाच्या यकृताचे तेल गरोदरपणी घेऊ नये. त्यात अ जीवनसत्त्व इतके असते की गर्भाला इजा होऊ शकते. एक कॅप्सूल फोडून पाहावी, तीव्र उग्र वास आला तर बाटली जुनी झाली आहे. जेवणाबरोबर घेतल्यास ढेकरा कमी येतात आणि शोषण बरे होते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

एवढे केल्यावर मूल हुशार होईल का? याचे सरळ उत्तर जाहिरातींत मिळत नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे २४०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत दिवसाला ८०० मिलिग्रॅम डीएचए देऊन दीड वर्षाच्या मुलांच्या आकलनात फरक पडला नाही; सातव्या वर्षीच्या बुद्ध्यंकातही नाही. शेजारच्या बेळगावात ९५७ गरोदर स्त्रियांवर अशीच चाचणी झाली. विसाव्या आठवड्याच्या आतून सुरुवात करून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत रोज ४०० मिलिग्रॅम शेवाळाचे डीएचए दिले गेले. एक वर्षाच्या बाळांच्या विकासात दोन गटांत फरक दिसला नाही. तेव्हा ‘डीएचएयुक्त’ पावडरीने बुद्धी वाढते असे म्हणायला आधार नाही.

मग ओमेगा-३ चा उपयोग कुठे? मुदतपूर्व प्रसूती टाळण्यात. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये ७० चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. ओमेगा-३ घेतलेल्या गटात ३७ आठवड्यांआधीच्या प्रसूती ११ टक्क्यांनी आणि ३४ आठवड्यांआधीच्या ४२ टक्क्यांनी कमी होत्या. नंतरच्या एका मोठ्या ऑस्ट्रेलियन चाचणीत सरसकट सर्वांना दिल्यास असा फायदा दिसला नाही. ज्यांच्या रक्तात ओमेगा-३ आधीच पुरेसे आहे त्यांना वरून देऊन लाभ नसावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्या शाकाहारी स्त्रिया त्या पुरेशा साठ्याच्या गटात बसत नाहीत. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ डीएचए साठवण्याच्या नेमक्या काळाला मुकते आणि त्याच्या मेंदूला इतरही अनेक धोके असतात. बाळ पूर्ण मुदत पोटात राहणे हाच मेंदूचा मोठा लाभ, आणि तो बुद्ध्यंकाच्या चाचणीत वेगळा दाखवता येत नाही.

गोळी एकटी अपुरी का पडते, याचा एक धागा पुण्यातच सापडतो. डीएचए यकृतातून वारेपर्यंत पोहोचते ते मोठ्या प्रमाणात फॉस्फॅटिडिलकोलिन नावाच्या मेदरेणूवर बसून. तो तयार करायला कोलिन लागते, किंवा फोलेट (फॉलिक ॲसिडचे अन्नातले रूप) आणि बी-१२ यांच्या साखळीतून येणारे मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे. बी-१२ कमी असले की ही वाहतूकच मंदावते. भारती विद्यापीठातील संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांत बी-१२, फोलेट आणि डीएचए यांचे हे नाते बारकाईने तपासले आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जो अभ्यास चालवला, त्यात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांत बी-१२ कमी आढळले. ज्यांचे बी-१२ फारच कमी होते त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. दूध-दही हा शाकाहारी ताटातला बी-१२ चा एकमेव भरवशाचा स्रोत आहे आणि चहातले दूध त्यात धरायचे नसते. अर्धा लिटर दुधातून साधारण दोन मायक्रोग्रॅम मिळते. त्याहून कमी पिणाऱ्या बाईने पहिल्याच तपासणीत बी-१२ मोजून घ्यावे.

लोहाचेही तसेच. अल्फा-लिनोलेनिकचे रूपांतर करणाऱ्या त्या विकरांच्या गाभ्यातच लोह असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस ती घ्यायची. कॅल्शियमच्या गोळीबरोबर किंवा चहानंतर लगेच घेतली तर बरेचसे लोह वाया जाते. मळमळ होत असल्याने गोळी सोडणाऱ्या बायका खूप. रात्री जेवणानंतर झोपताना घेतल्यास बहुतेकींना ती सोसते.

आयोडीनबद्दल एकच: घरात सैंधव मिठाची लाट आली असेल तर गरोदरपणी नेहमीचे आयोडीनयुक्त मीठ परत आणा. गर्भाच्या मेंदूला थायरॉइडचे संप्रेरक पहिल्या आठवड्यांपासून लागते आणि बहुतेक सैंधवात आयोडीन घातलेले नसते. खारी, नानकटाई, बटर यांतल्या वनस्पती तुपाबाबत कायदा सुधारला आहे. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-तुपात ट्रान्स मेद दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. तरी गाड्यावरचे पुन्हापुन्हा तापवलेले तेल त्या कायद्याच्या नजरेत येत नाही.

बाळ सहा महिन्यांचे झाले की वरच्या अन्नातही हा विचार हवा. नुसती भाताची पेज आणि डाळीचे पाणी यांत मेद जवळजवळ नसते. खिमटीत चमचाभर तूप किंवा तेल घालावे. अंडी चालणाऱ्या घरात पूर्ण शिजवलेला बलक, मासे चालणाऱ्या घरात काटे नीट काढून कुस्करलेला बांगडा द्यावा. काट्यांची भीती वाटत असेल तर रावस.

दोन मागण्या आहेत. आदिवासी भागात २०१५ पासून चालू असलेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे चौरस जेवण मिळते. त्या थाळीत सात ग्रॅम भाजून कुटलेले जवस चटणीच्या रूपाने घालावे. अंगणवाडीतच आठवड्याला एकदा कुटले तर खवट होण्याचा प्रश्न उरत नाही आणि विदर्भातल्या जवसाला गिऱ्हाईक मिळते. दुसरी मागणी लोह-फॉलिकच्या सरकारी गोळीत बी-१२ घालण्याची. आज ते त्यात नाही, आणि बी-१२ कमी असताना फॉलिक ॲसिड एकटेच वाढवत नेणे बरे नव्हे.

आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात १९९२ च्या कायद्याने बंद आहे. आईसाठीच्या पावडरीला तो कायदा लागू नाही, म्हणून ‘मेंदूच्या विकासासाठी’ हे शब्द तिथे सर्रास झळकतात. अशी जाहिरात घेताना एका मात्रेत डीएचए किती मिलिग्रॅम आणि साखर किती ग्रॅम, हे दोन आकडे ठळक अक्षरात छापण्याची अट आपण घालावी.

आपले,
माता-बाल पोषणाच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक, पुणे